टोपीला गाव असते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नेदरलंड्सच्या प्रवासावरील लेखासोबत एका पुतळ्याचे मोठे छायाचित्र प्रसिद्ध झाले होते. चौकातल्या बुटक्या दगडी चौथऱ्यावर उभी असलेली पंधरा-सोळा वर्षांची ब्राँझची मुलगी, डोक्यावर रुंद टोपी, कोपरापासून खाली उघडे हात आणि ते पोटाशी एकमेकांवर ठेवलेले, असे ते चित्र होते. छायाचित्राखाली ‘हॉलंडची पारंपरिक वेशातील मुलगी’ एवढीच ओळ होती आणि लेखात तिचा उल्लेख ‘लाकडी बूट घातलेली पवनचक्क्यांच्या देशाची कन्या’ असा होता. मी गेली काही वर्षे या देशाच्या झेलंड प्रांतात राहते. हा पुतळा माझ्या येण्याजाण्याच्या वाटेवरचा आहे, आणि ज्या वृद्ध शेजारणीने मला पहिल्यांदा त्याच्यापुढे उभे करून ‘ही आमच्यातली आहे’ असे सांगितले, तिच्या स्वतःच्या आईने हाच वेश आयुष्यभर घातला होता. म्हणून त्या एका ओळीविषयी सविस्तर लिहिण्याची परवानगी घेत आहे.

हॉलंड या शब्दाचा मुद्दा थोडक्यात उरकते. नेदरलंड्समध्ये १२ प्रांत आहेत आणि त्यांपैकी उत्तर हॉलंड व दक्षिण हॉलंड या दोघांनाच ते नाव आहे. झेलंड हा दक्षिणेकडील वेगळा प्रांत असून तो बेटे, खाड्या आणि बांध यांचा मिळून झाला आहे. परदेशात देशाची ओळख करून देताना हॉलंड हे नाव वापरण्याची पद्धत तिथल्या सरकारनेही २०२० पासून सोडली आहे. झेलंडच्या मुलीला हॉलंडची म्हणणे ही सवयीने होणारी चूक आहे आणि ती दुरुस्त करायला एक शब्द पुरतो. वेशाबद्दलची चूक मात्र अधिक खोल आहे.

‘पारंपरिक डच वेश’ असा एक वेश कधीच नव्हता. डच भाषेत या कपड्यांना ‘स्ट्रेकड्राख्त’ म्हणतात, म्हणजे त्या त्या भागाचा पेहराव. त्या पेहरावाकडे पाहणाऱ्या जाणत्या माणसाला समोरच्या बाईचे गाव, तिचा पंथ, तिच्या घरातले सुतक, तिची ऐपत आणि तो दिवस कामाचा आहे की रविवारचा, एवढे सगळे तिने तोंड उघडण्याआधी कळत असे. छायाचित्रातल्या मुलीची टोपी पुन्हा एकदा नीट पाहावी, अशी माझी विनंती आहे. ती चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना शिंपल्यासारखी गोलाकार पसरलेली आहे. अशी टोपी झेलंडमधल्याच दक्षिण बेव्हलंड या भागातल्या प्रॉटेस्टंट स्त्रिया घालत. त्याच भागातल्या कॅथलिक स्त्रियांची टोपी कोन असलेली, समलंब चौकोनाच्या आकाराची असे. बाजाराच्या दिवशी दोघी एकाच रस्त्याने चालत आल्या, तरी कोणती कुठल्या चर्चमध्ये जाते हे रस्त्याच्या दुसऱ्या टोकावरून ओळखू येत असे. म्हणजे शिल्पकाराने टोपीची कड गोल वळवली, तेव्हाच त्याने त्या मुलीचा पंथ आणि परिसर लिहून ठेवला होता. आपल्या ओळीने ते लिखाण पुसले.

कानशिलांजवळ जे दोन छोटे चौकोनी पत्रे दिसतात, ते नुसते दागिने नव्हेत. ती ‘ओरआयझर’ नावाच्या धातूच्या पट्टीची टोके आहेत. मुळात ही पट्टी डोक्यामागून फिरवून आतली टोपी जागच्या जागी बसवण्यासाठी वापरत. पुढे ती चांदीची आणि सोन्याची झाली, तिची टोके मोठी होत गेली, आणि उत्तरेकडील फ्रिसलंडमध्ये तर तिने जवळजवळ सगळे डोके झाकणाऱ्या सोन्याच्या शिरस्त्राणाचे रूप घेतले. शेजारच्याच वाल्खेरेनमध्ये टोकांना चौकोनी पत्र्यांऐवजी वेटोळी असत. गळ्यात दिसणारी सर पोवळ्यांची आहे, लालभडक पोवळ्यांची. भूमध्य समुद्रातली ही पोवळी इथल्या शेतकरी घरांत आईकडून मुलीकडे जात, आणि घरात मृत्यू झाला की ती उतरवून त्या जागी काळे मणी घातले जात. बाह्या इतक्या घट्ट आणि आखूड असत की दंडांवर त्यांचा काच पडे आणि खालचे हात उन्हावाऱ्याने तांबूस होत. असे तांबूस हात या भागात सुंदर समजले जात. ब्राँझमध्ये तो तांबूसपणा दाखवता येत नाही, पण शिल्पकाराने बाहीची कड दंडात रुतलेली दाखवली आहे. ते पाहताना या वेशातल्या बाईला त्याने किती जवळून पाहिले असेल, याची मला खात्री पटते.

लाकडी बुटांविषयी एवढेच सांगते की या मुलीच्या पायांत ते नाहीतच. विलो किंवा पॉपलर झाडाच्या लाकडाचे ते बूट शेतात, गोठ्यात आणि ओल्या अंगणात वापरण्याचे होते. सोने, पोवळी आणि खळ दिलेली लेसची टोपी असा रविवारचा साज केल्यावर पायांत चामड्याचे बूट घालत, आणि पुतळ्यातही तेच आहेत. छायाचित्रात ते स्पष्ट दिसत असतानाही लेखकाला तिथे लाकडी बूट दिसले, कारण डच मुलगी म्हटल्यावर मनात जे चित्र उभे राहते त्यात ते असतातच. डोळ्यांपुढच्या वस्तूवर मनातल्या चित्राने मात केली, आणि मला खरी काळजी याचीच वाटते.

ते मनातले चित्र कुठून आले, हेही सांगता येते. दोन्ही बाजूंना पंखांसारखी वळलेली आणि वर टोक काढलेली लेसची टोपी, जी भेटकार्डांवर, चीजच्या वेष्टनांवर आणि चिनी मातीच्या बाहुल्यांवर दिसते, ती व्होलेंडाम या एकाच गावाची आहे. तिथे तिला ‘हुल’ म्हणतात. व्होलेंडाम हे झाउडरझे या जुन्या समुद्राच्या काठावरचे कॅथलिक मच्छीमारांचे गाव. तिथे १८८१ मध्ये स्पान्डर यांचे हॉटेल सुरू झाले आणि देशोदेशींचे चित्रकार तिथे राहून कोळणींची चित्रे काढू लागले. ॲमस्टरडॅमहून सहज जाता येत असल्याने चित्रकारांमागून पर्यटक आले. पुढे १९६१ मध्ये डच दुग्धव्यवसायाने जर्मनीतल्या जाहिरातींसाठी ‘फ्राउ आंत्ये’ ही व्यक्तिरेखा उभी केली, तेव्हा तिच्याही डोक्यावर याच घाटाची टोपी आली. एका मासेमारी गावाची रविवारची टोपी अशा रीतीने सगळ्या देशाची टोपी झाली. व्होलेंडामच्या अगदी समोर मार्केन आहे. १९५७ मध्ये बांधाने मुख्य भूमीशी जोडले जाईपर्यंत ते बेट होते. तिथले लोक प्रॉटेस्टंट आणि त्यांचा वेश पूर्ण निराळा, रंगीबेरंगी आणि कशिद्याने भरलेला. मार्केनमध्ये लहान वयात मुलगेही घागरे घालत, त्यामुळे घागऱ्यातल्या मार्केनच्या लहान मुलाच्या एखाद्या जुन्या छायाचित्राखाली ‘डच मुलगी’ असे छापले, तर ती मुलगी नसण्याचाही संभव असतो.

ब्राँझच्या पुतळ्याची एक मोठी अडचण आहे, आणि माझ्या मते छायाचित्राखालच्या ओळीची जबाबदारी त्यामुळेच वाढते. हा वेश मुख्यतः रंगांतून बोलत असे. ओव्हरआयसल प्रांतातील स्टाफोर्स्ट या गावात घरचे कोणी गेले की काळा रंग येई, सुतक हलके होत गेले की निळा येई आणि लाल रंग परतला म्हणजे शोक सरला असे गाव समजे. तिथल्या काळ्या कापडावर दिसणारी ठिपक्यांची नक्षी, जिला ‘स्टिपवर्क’ म्हणतात, ती लाकडाच्या किंवा बुचाच्या तुकड्यात खिळे ठोकून, त्यांची डोकी रंगात बुडवून हाताने उमटवलेली असते. बुन्स्खोतेन-स्पाकेनबुर्खमध्ये खांद्यांवर ‘क्रापलाप’ नावाचा, खळ देऊन पुठ्ठ्यासारखा ताठ केलेला फुलाफुलांच्या कापडाचा रुंद पट्टा असतो, आणि त्याच्या रंगांवरूनही घरातले सुतक कळते. यातले काहीच ब्राँझमध्ये उतरत नाही. ओतकामातून बाहेर आलेली मुलगी नखशिखांत एकाच तपकिरी रंगाची असते आणि पावसाने पुढे हिरवट होते. पारदर्शक लेस धातूत घट्ट होऊन बसते. उन्हात टोपीच्या कडेतून जो उजेड झिरपत असे, आणि ज्यासाठी ती टोपी धुऊन, खळ देऊन, चुणी चुणी बोटांनी घडवून देणाऱ्या कसबी बायका प्रत्येक गावात असत, तो उजेड पुतळ्यात नाही. शिल्पकाराच्या हाती आकार तेवढे उरतात, जसे की टोपीचा घेर, शालीच्या चुण्या, टाचण्यांच्या जागा, एप्रनची लांबी. रंग गेल्यावर आकार हीच त्या वेशाची उरलेली भाषा असते, आणि ती अनोळखी पाहुण्याला वाचून दाखवण्याचे काम पुतळ्याखालच्या फलकाने किंवा छायाचित्राखालच्या ओळीने करायचे असते.

या वेशांचा आपल्याकडच्या वाचकांशी एक जुना संबंध आहे, तो आपल्या लेखात यायला हवा होता. फ्रिसलंडमधल्या हिंडेलोपेन या बंदराच्या गावातले पुरुष सतराव्या आणि अठराव्या शतकांत व्यापारी जहाजांवर काम करत, आणि ॲमस्टरडॅमच्या वखारींत आलेला पूर्वेकडचा माल त्यांच्या घरी पोहोचे. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीने कोरोमांडेल किनाऱ्यावरून रंगवलेले सुती कापड नेले, त्याला डच भाषेत ‘सिट्स’ म्हणतात. हा शब्द आपल्या ‘छीट’ आणि ‘चीट’ या शब्दांचाच भाऊबंद आहे. हिंडेलोपेनच्या स्त्रिया ‘वेंटके’ नावाचा जो लांब, पुढून उघडा अंगरखा घालत, तो या चिटाचा किंवा भारतातूनच गेलेल्या चौकटीच्या सुती कापडाचा असे. हलक्या शोकात पांढऱ्यावर निळी नक्षी असलेले चीट वापरत. दक्षिण भारतातल्या रंगाऱ्यांनी काढलेली फुले उत्तर समुद्राजवळच्या एका गावात विधवेच्या अंगावर दिसत होती, हे समजल्यावर ‘अस्सल डच वेश’ या शब्दांकडे मला पूर्वीसारखे पाहता येत नाही. हिंडेलोपेनचा तो वेश एकोणिसाव्या शतकात रोजच्या वापरातून गेला. नेदरलंड्समधील संग्रहालयांत ही चिटे आजही जपून ठेवली आहेत आणि त्यांचे लाल रंग अजून ताजे दिसतात.

आता मूळ प्रश्नाकडे येते. पुतळा मुलीचा का? अशा वेशांतल्या प्रौढ स्त्रियांचेही पुतळे नेदरलंड्समध्ये आहेत. स्खेव्हेनिंगेनच्या किनाऱ्यावर खेरार्ड बाकर यांनी घडवलेली मच्छीमाराची बायको १९८२ पासून समुद्राकडे पाहत उभी आहे. उर्क इथेही बुडालेल्या कोळ्यांच्या नावांच्या सोबतीला एका स्त्रीचीच मूर्ती आहे. त्या दोघींपुढे उभे राहिल्यावर त्या कशाची वाट पाहत आहेत हे कोणालाही कळते, आणि कोणताही प्रवासी त्यांना ‘गोड’ म्हणत नाही. मुलीच्या पुतळ्याकडे मात्र सगळे हसून पाहतात, तिच्या खांद्यावर हात ठेवून छायाचित्र काढतात आणि पुढे जातात. प्रत्यक्षात तिचीही एक वाट संपलेली आहे.

हा वेश कायद्याने बंद झाला नाही, कोणी तो हिसकावून घेतला नाही. तो मुलींपाशी येऊन थांबला. या भागात साधे शहरी कपडे घालण्याला ‘बुर्खर’ होणे, म्हणजे नागर होणे, असे म्हणत. आया स्वतः शेवटपर्यंत टोपी आणि पोवळी घालत राहिल्या, पण विसाव्या शतकाच्या मध्याच्या आसपास त्यांनी मुलींना दुकानातले फ्रॉक घालायला सुरुवात केली. कारणे अनेक होती. दुसऱ्या महायुद्धात कापड मिळेनासे झाले. ऑक्टोबर १९४४ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी वेस्टकापेलेचा समुद्रबांध फोडला आणि वाल्खेरेन बेट सुमारे वर्षभर खाऱ्या पाण्याखाली राहिले. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्राच्या पुराने बांध फोडले, देशभरात १,८३६ माणसे गेली आणि त्यांतली सर्वाधिक झेलंडमधली होती. ज्यांची घरे वाहून गेली त्यांची टोप्यांची पेटी, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या शाली आणि एप्रनही त्याबरोबर गेले, आणि मदत म्हणून जे कपडे आले ते अर्थातच साधे, नागर होते. मुली शहरातल्या शाळांत जाऊ लागल्या, नोकऱ्या करू लागल्या. रोज पहाटे टाचण्यांनी अंगावर बांधायचा आणि दुसऱ्या बाईच्या मदतीशिवाय नीट न बसणारा पोशाख सायकलवर आणि टंकलेखनयंत्रासमोर सोयीचा नव्हता. मी ज्या शेजारणीचा उल्लेख केला, तिने मला सांगितले की तिच्या आईने तिला एकदाही तो वेश घालायला दिला नाही. ‘तुला यातून बाहेर पडायचे आहे’ असे आई म्हणाली होती. शेजारीण आज ऐंशीच्या पुढे आहे. पुतळ्यातली मुलगी पाहिली की आपल्याला न मिळालेला वेश घालून आपणच तिथे उभ्या आहोत असे तिला वाटते, आणि आईचा निर्णय बरोबर होता असेही ती त्याच दमात सांगते. या दोन वाक्यांमध्ये मला कोणताही विरोध दिसत नाही.

माझ्या या पत्रावर असा आक्षेप येऊ शकेल की गावकऱ्यांनी स्वतःच हा वेश विकायला काढला आहे. व्होलेंडामच्या धक्क्यावर पाहुण्यांना भाड्याचे कपडे घालून छायाचित्रे काढून देणाऱ्या दुकानांची रांग आहे, हे खरेच आहे, आणि त्यावर तिथल्या कुटुंबांची पोटे भरतात. त्यात मला काही गैर वाटत नाही. तिथे निदान तो वेश व्होलेंडामचा आहे हे लपवलेले नसते. स्पार्नडाममध्ये १९५० पासून बांधाच्या भोकात बोट घालून गाव वाचवणाऱ्या मुलाचा ग्राडा रुएब यांनी केलेला पुतळा आहे. तो मुलगा एका अमेरिकन कादंबरीतून जगाला माहीत झाला, नेदरलंड्समध्ये तो कधी नव्हता. पर्यटक त्याच्याबद्दल विचारत राहिले म्हणून तो उभा केला गेला. कधी नसलेल्या त्या मुलाची गोष्ट प्रत्येक प्रवासलेखात ओळींमागून ओळी घेते, आणि ज्यांच्या आया-आज्या खरोखर होत्या त्या मुलीला ‘पारंपरिक वेशातील’ या दोन शब्दांवर बोळवण मिळते, याचे मला वाईट वाटते.

दुसरा आक्षेप जागेचा असेल. छायाचित्राखाली एकच ओळ मावते, हे मला मान्य आहे. पण गावाचे किंवा निदान परिसराचे नाव लिहायला ‘पवनचक्क्यांच्या देशाची कन्या’ एवढ्या शब्दांपेक्षा अधिक जागा लागत नाही. १८९८ मध्ये राणी विल्हेल्मिना यांच्या राज्यारोहणाच्या वर्षी ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात देशभरातल्या वेशांचे प्रदर्शन भरले होते. हे वेश मागे पडू लागले आहेत, याची जाणीव इतक्या लवकर झाली होती, हे मला विशेष वाटते. आज आर्नहेमच्या खुल्या संग्रहालयात, एंकहाउझेनच्या झाउडरझे संग्रहालयात, मिडेलबुर्खच्या झेलंड संग्रहालयात आणि खूस इथल्या बेव्हलंडच्या संग्रहालयात हे कपडे गाव आणि पंथ यांच्या नोंदींसह पाहता येतात. आपले प्रवासलेखक तिथे अर्धा दिवस घालवतील, तर पुढच्या वेळी चौकातली मुलगी त्यांना अनोळखी वाटणार नाही.

पुतळे उभारणाऱ्या गावांनीही याचा विचार करायला हवा, हे मी इथल्या नगरपालिकेलाही लिहिले आहे. या पुतळ्याखालच्या फलकावर शिल्पकाराचे नाव आहे, पैसे देणाऱ्या मंडळाचे नाव आहे आणि वेशाबद्दल एक अक्षर नाही. मुलीच्या टोपीचे नाव, ती कोणत्या पंथाची, कोणत्या दशकातली आणि तिच्या पोवळ्यांचा रंग कोणता, एवढे चार ओळींत डच आणि इंग्रजीत लिहावे, अशी माझी सूचना आहे. हा वेश अंगावर घातलेल्या किंवा आपल्या आईच्या अंगावर टाचण्या लावून दिलेल्या स्त्रिया अजून आहेत. शालीला किती चुण्या आणि पहिली टाचणी कुठे, हे त्यांच्या बोटांना माहीत आहे. फलकाचा मजकूर त्यांनी तपासून द्यावा आणि तो या एक-दोन वर्षांतच व्हावा.

आपल्याकडे माझी मागणी लहान आहे. येत्या रविवारच्या पुरवणीत त्या छायाचित्राची दुरुस्ती छापावी आणि ओळ अशी द्यावी: ‘दक्षिण बेव्हलंड, झेलंड प्रांत, नेदरलंड्स: प्रॉटेस्टंट घरातील मुलगी, रविवारच्या वेशात.’ ती छापलेली पुरवणी मी माझ्या शेजारणीला नेऊन दाखवणार आहे. तिला मराठी येत नाही, पण बेव्हलंड हा शब्द कुठे आहे ते मी बोटाने दाखवीन.

आपली नम्र,
एक वाचक, मिडेलबुर्ख, नेदरलंड्स